मूळ चित्र कुठे आहे?

टिपू सुलतानाचे जन्मगाव, बेंगळुरूचा विमानतळ, आणि 2025 पासून आयफोनची जुळणी करणारा फॉक्सकॉनचा कारखाना: देवनहळ्ळीची आजची ओळख साधारण या तीन गोष्टींत सांगता येते. त्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फोनवर एखाद्या छायाचित्रातील माणसावर बोट दाबून धरले, की त्याच्या कडेने एक उजळ रेषा धावते आणि तो माणूस पार्श्वभूमीपासून अलगद सुटा होतो. 2022 पासून ही सोय फोनमध्येच आहे. एके काळी छपाईच्या व्यवसायात याच कामासाठी कारागीर लाल रंगाची पातळ फिल्म धारदार पात्याने कापत बसत. आता तेच काम यंत्र निमिषार्धात करते आणि करणाऱ्याला आपण काय केले हे कळतही नाही.

याच देवनहळ्ळीकडे जाणाऱ्या बळ्ळारी रस्त्यावर, शहराच्या बाजूला, कृषी विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीबीएस, आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र देशातील जीवशास्त्राच्या अग्रगण्य संस्थांपैकी एक. जीवाणूंमधील लोह ओळखणाऱ्या आरएनए रेणूंविषयीचा तेथील एक शोधनिबंध ऑक्टोबर 2020 मध्ये ‘नेचर केमिकल बायॉलॉजी’ या नामांकित पत्रिकेत प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, जून 2021 च्या अखेरीस, तो मागे घेण्यात आला. कारण चित्रे. प्रयोगांच्या जेल-चित्रांमध्ये फेरफार असल्याची शंका प्रथम बाहेरच्या वाचकांनी उघड्या चर्चेत मांडली आणि मग संस्थेची चौकशी झाली. दोष एका व्यक्तीचा की संपूर्ण प्रयोगशाळेच्या शिस्तीचा, यावर नंतर बरेच रण माजले.

त्या रणात एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही. ज्या चित्रावर निष्कर्ष उभा होता, त्याची मूळ, अस्पर्श फाइल शोधनिबंधासोबत पहिल्याच दिवशी सर्वांसमोर का नव्हती?

अशी प्रकरणे उघडकीस आली, की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली नीतिमार्तंडांची: प्रयोगशाळेत फोटोशॉपला प्रवेशच नको. दुसरी व्यवहारी शहाण्यांची: चित्र थोडे नीटनेटके केले तर काय बिघडते, आकडे तर खरे आहेत. या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत, आणि दोन्हींचे मूळ एकाच अज्ञानात आहे. मास्क म्हणजे काय, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला कोणी शिकवतच नाही.

मास्क हे स्वतःच एक चित्र असते. मूळ चित्राच्या आकाराचे, पण केवळ राखाडी छटांचे. प्रत्येक पिक्सेलला शून्य ते 255 यांपैकी एक मूल्य. जेथे पांढरे, तेथे खालचा थर पूर्ण दिसतो. जेथे काळे, तेथे तो झाकला जातो. मधल्या करड्या छटेत तो अर्धवट दिसतो. निवडीची साधने, म्हणजे लॅसो, मॅजिक वाँड किंवा आजची एका टिचकीत माणूस ओळखणारी साधने, हे राखाडी चित्र तयार करण्याच्या निरनिराळ्या रीती आहेत. मॅजिक वाँडने 100 मूल्याच्या पिक्सेलवर टिचकी मारली आणि सहनशीलता 32 ठेवली, तर 68 ते 132 या मूल्यांचे लगतचे सारे पिक्सेल निवडले जातात. हा 32 आकडा निसर्गाने दिलेला नाही. फोटोशॉप तो आपणहून भरून ठेवतो आणि बहुतेक जण तो कधी बदलत नाहीत. निवडीची कड मऊ करणारे ‘फेदर’ किती पिक्सेलचे ठेवायचे, हाही माणसाचा निर्णय. थोडक्यात, मास्क हा लिहून ठेवलेला निर्णय असतो: चित्रातले एवढे मोजायचे, एवढे सोडायचे.

असे निर्णय घेतल्याशिवाय आधुनिक विज्ञानाचे पानही हलत नाही, हे नीतिमार्तंडांनी ध्यानात घ्यावे. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी मोजायच्या, तर पेशी कोठे संपते आणि पार्श्वभूमी कोठे सुरू होते हे आधी ठरवावे लागते. नोबुयुकी ओत्सू यांनी 1979 मध्ये मांडलेली रीत हेच करते: चित्रातील उजळ आणि गडद पिक्सेलांचे दोन गट पडावेत असा उंबरठा गणिताने शोधते आणि त्यावरून मास्क बनवते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबंड यांनी घडवलेले ‘इमेजजे’ हे मोफत सॉफ्टवेअर जगभरच्या जीवशास्त्र प्रयोगशाळांत रोज असे असंख्य मास्क तयार करते. उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांचा अंदाज बांधणारे आधी ढगांचा मास्क लावतात, नाहीतर ढगाखालचे शेत पडीक ठरेल. खगोलशास्त्रज्ञ कॅमेऱ्यातील बिघडलेल्या पिक्सेलांवर मास्क टाकतात. यात कोणी कोणाला फसवत नाही. उंबरठा किती ठेवला हे लिहिलेले असते, मूळ चित्र जपलेले असते आणि दुसरा कोणीही उंबरठा बदलून पाहू शकतो. (फोटोशॉपचा जन्मही अशाच विद्येच्या घरातला. थॉमस नॉल हे मिशिगन विद्यापीठात संगणकीय दृष्टीवर पीएच.डी. करत असताना तो सुरू झाला आणि त्याची पहिली आवृत्ती 1990 मध्ये आली. एका प्रबंधातून निसटलेले साधन पुढे कित्येक प्रबंधांना भोवले.)

आता व्यवहारी शहाण्यांकडे वळावे. वेस्टर्न ब्लॉट नावाच्या चाचणीत प्रथिने जेलमधून धावतात आणि ठरावीक जागी काळ्या पट्ट्यांच्या रूपात उमटतात. पट्टी आहे की नाही, गडद आहे की फिकी, यावरच निष्कर्ष अवलंबून असतो. संशोधक एकाच फिक्या पट्टीभोवती निवड करतो आणि तेवढ्याच भागाचा कॉन्ट्रास्ट वाढवतो. चित्र सुबक होते. परंतु येथे चित्र हेच मोजमाप आहे. एका पट्टीची छटा बदलणे म्हणजे वहीतला आकडा खोडून दुसरा लिहिणे. संपूर्ण चित्राचा कॉन्ट्रास्ट सारख्या प्रमाणात बदलला, तर पट्ट्यांचा आपसातला क्रम टिकतो. एकाच पट्टीवर मास्क लावला, तर तो क्रमच बनावट होतो. जेलवरचा डाग क्लोन स्टॅम्पने पुसला, तर डागासोबत तेथे उमटलेली एखादी अनपेक्षित पट्टीही गेली का, हे पुसणाऱ्यालाही पुन्हा कधी कळणार नाही. ‘आकडे तर खरे आहेत’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही; आकडे त्या चित्रातूनच काढलेले असतात.

हे नवे ज्ञान नव्हे. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ या पत्रिकेने 2002 पासून स्वीकारलेल्या शोधनिबंधांची चित्रे तपासण्यास सुरुवात केली. पुढे तिच्या संपादकांनी अनुभव मांडला: सुमारे चौथ्या हिश्श्याच्या निबंधांत निदान एक चित्र नियमबाह्य हाताळल्यामुळे पुन्हा तयार करवून घ्यावे लागले, आणि शेकडा एकाच्या आसपास निबंधांची स्वीकृतीच रद्द करावी लागली. या दोन आकड्यांमधले अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. बहुसंख्य लोक लबाड नव्हते. त्यांना कोणी शिकवले नव्हते, एवढेच. त्या संपादकांनी घालून दिलेला दंडक साधा आहे. चित्रातील एखादा विशिष्ट घटक वेगळा काढून उठावदार करायचा नाही, झाकायचा नाही, हलवायचा नाही, काढायचा नाही, घालायचा नाही. प्रकाश किंवा कॉन्ट्रास्ट बदलायचा तर संपूर्ण चित्राचा. दोन जेलांचे तुकडे जोडले असतील, तर सांधा रेषेने दाखवायचा. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. भारतातील किती एम.एस्सी. अभ्यासक्रमांत हे एक पान तरी शिकवले जाते?

2016 मध्ये एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी 1995 ते 2014 या काळातील 40 पत्रिकांमधले 20,621 शोधनिबंध केवळ डोळ्यांनी तपासले. 3.8 टक्के निबंधांत एकच चित्र पुन्हा वापरल्याच्या, सरकवल्याच्या किंवा बदलल्याच्या खुणा सापडल्या, आणि त्यांतील निदान निम्म्या निबंधांत त्या हेतुपुरस्सर केल्यासारख्या दिसत होत्या. चीन आणि भारत येथील निबंधांचे प्रमाण त्यांत अपेक्षेपेक्षा अधिक होते. ही निरीक्षणे वाचून राष्ट्राभिमान दुखावून घेण्याचे कारण नाही. दुखावण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे: ही तपासणी बाहेरच्यांना करावी लागते.

महाराष्ट्राने हा अनुभव फार आधी घेतला आहे. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधील एका गटाचा 2005 सालचा शोधनिबंध ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’ने 2007 मध्ये मागे घेतला. आक्षेप असा, की आधीच्या निबंधातील पट्ट्यांची चित्रे नव्या नावानिशी पुन्हा वापरली आहेत. संशोधकांनी आरोप नाकारला. संस्थेच्या अंतर्गत समितीने एक निष्कर्ष काढला, बाहेरच्या तज्ज्ञ समितीने त्याच्या उलट काढला आणि संशोधकांना निर्दोष ठरवले, ‘सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज’ने पुन्हा वेगळा. देशातली मातब्बर मंडळी काही काळ्या पट्ट्यांकडे पाहत होती आणि त्या एकच आहेत की वेगळ्या, यावर त्यांचे एकमत होत नव्हते. कोण बरोबर होते, याचा निवाडा येथे करण्याची गरज नाही. ज्या दिवशी निबंध छापला गेला, त्याच दिवशी त्या जेलांच्या मूळ फाइली, त्यांच्या तारखांसह, सार्वजनिक भांडारात असत्या, तर तीन समित्यांचे काम एका दुपारी झाले असते. आरोप खरा असता तरी आणि खोटा असता तरी.

या घटनेनंतर चौदा वर्षांनी एनसीबीएसचे प्रकरण घडले. मधल्या काळात व्यवस्थेने काय शिकले? विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, साठ टक्क्यांहून अधिक असेल तर नोंदणी रद्द, अशी पायऱ्यापायऱ्यांची शिक्षा ठरवली. हे टक्के मजकुराचे. परिणामी प्रत्येक पीएच.डी.चा विद्यार्थी आज साम्य-अहवाल जोडतो. त्यासाठी वाक्ये उलटीपालटी करून देणारे दुकानदारही उदयास आले आहेत. त्याच प्रबंधातील जेलच्या पट्ट्या एका चित्रातून दुसऱ्यात गेल्या असतील, तर तो अहवाल त्याविषयी अवाक्षर काढत नाही. शब्दांची चोरी पकडणारी आणि पुराव्याची बनवेगिरी सोडून देणारी अशी ही चाळणी आहे.

पुढे राष्ट्रीय क्रमवारीत मागे घेतलेल्या शोधनिबंधांसाठी उणे गुण धरण्याचे पाऊल 2025 मध्ये उचलले गेले. हेतू स्तुत्य. परंतु संस्थेच्या कुलगुरूंच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. चूक सापडली आणि प्रामाणिकपणे निबंध मागे घेतला, तर क्रमांक घसरतो. चूक झाकली, तर तो शाबूत राहतो. ज्या देशात संशोधनातील गैरव्यवहाराची चौकशी करणारी अमेरिकेसारखी वैधानिक यंत्रणाच नाही आणि आरोपी संस्थाच स्वतःची न्यायाधीश असते, तेथे या गणिताचे उत्तर काय येणार, हे सांगायला सांख्यिकी लागत नाही.

या सगळ्यात चिरडला जातो तो सर्वांत कनिष्ठ. चित्रे तयार करण्याचे काम बहुधा प्रयोगशाळेतील तरुण संशोधक करतो. रात्री उशिरा मार्गदर्शकाचा निरोप येतो: दुसरे चित्र जरा स्वच्छ कर, परीक्षक नाक मुरडतील. ‘स्वच्छ’ या शब्दाची व्याख्या कोणी करत नाही. स्वच्छ म्हणजे संपूर्ण चित्र उजळ करणे, की कोपऱ्यातली ती तिसरी पट्टी नाहीशी करणे? निबंध छापून आला तर ते यश मार्गदर्शकाचे. पकडला गेला तर ‘एका विद्यार्थ्याने आमच्या नकळत’. खरी लबाडी करणाऱ्या विद्यार्थ्याला यातून सूट मिळू नये. परंतु मूळ फाइल कधीही न मागणाऱ्या मार्गदर्शकाला ‘नकळत’ हा शब्द वापरण्याचा अधिकारही मिळू नये. न मागणे हाही निर्णय आहे, आणि तो मास्कच्या सहनशीलतेच्या आकड्याइतकाच न लिहिलेला असतो.

बनावट चित्राची किंमत क्रमवारीत मोजता येत नाही. स्मृतिभ्रंशाच्या एका विशिष्ट प्रथिनाविषयी 2006 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला शोधनिबंध दोन हजारांहून अधिक निबंधांनी आधाराला घेतला. त्यातील चित्रांत फेरफाराच्या खुणा असल्याचे 2022 मध्ये जाहीर चर्चेत आले आणि तो 2024 मध्ये मागे घेतला गेला. मधल्या अठरा वर्षांत त्या वाटेने गेलेल्या संशोधकांची उमेद आणि निधी कोण परत देणार?

याउलट मूळ चित्र उघडे ठेवले, तर काय घडते? 7 सप्टेंबर 2019 रोजी चांद्रयान-2 चा ‘विक्रम’ चंद्रावर उतरता उतरता नियंत्रणाबाहेर गेला. नासाच्या चंद्रकक्षेतील यानाने 17 सप्टेंबरला त्या परिसराची छायाचित्रे घेतली आणि 26 सप्टेंबरला ती जुळवून सर्वांसाठी खुली केली. षण्मुग सुब्रमण्यन या चेन्नईतील अभियंत्याने घरी बसून जुनी आणि नवी चित्रे शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली. मुख्य आघातस्थळापासून सुमारे 750 मीटर वायव्येला त्यांना एक उजळ ठिपका दिसला, जो आधीच्या चित्रांत नव्हता. तो ठिपका म्हणजे एक पिक्सेल. नासाने पुढच्या छायाचित्रांवरून खात्री करून घेतली आणि डिसेंबरच्या आरंभी त्यांचे श्रेय जाहीर केले.

एक पिक्सेल. प्रसिद्धीपूर्वी कोणी ‘स्वच्छ’ करायला बसले असते, तर कॅमेऱ्यातला दोष समजून सर्वप्रथम तोच पुसला गेला असता. मग कोणत्याही नियमाचा भंग झाला नसता, कोणी कोणाला फसवले नसते, आणि विक्रमचा तो तुकडाही कोणाला सापडला नसता.

मूळ फाइली ठेवण्याविरुद्धचे आक्षेप ठरलेले आहेत. साठवण महाग आहे, असे म्हणतात. युरोपातील सर्न चालवत असलेले ‘झेनोडो’ हे भांडार एका संचाला 50 गिगाबाइटपर्यंत जागा विनामूल्य देते. एका प्रबंधातील जेलची चित्रे त्यात अनेकदा मावतील. लहान महाविद्यालयांकडे साधने नाहीत, असे म्हणतात. इमेजजे फुकट आहे, जुन्या संगणकावर चालते, आणि केलेल्या क्रियांची यादी नोंदवून ठेवण्याची सोय त्यात आहे. फोटोशॉपपेक्षा विज्ञानाला तेच अधिक शोभते. कॅमेराही चित्रावर प्रक्रिया करतोच, मग मूळ कशाला म्हणायचे, असा एक चतुर आक्षेपही घेतला जातो. उपकरणाने जी फाइल प्रथम लिहिली, ती मूळ. फोनने काढलेल्या जेलच्या छायाचित्राला ही व्याख्या नीट लागू पडत नाही, कारण फोन चित्र उमटण्याआधीच त्याचे भाग पाडून प्रत्येकाला वेगळी झळाळी देतो. म्हणूनच मोजमापासाठी फोनचे चित्र वापरू नये, आणि वापरावेच लागले तर तसे लिहावे. यंत्राकडून रिकाम्या जागा भरून घेण्याची सोय 2023 पासून फोटोशॉपमध्येच आली आहे. जी पट्टी कधी धावलीच नाही, तीही तेथे भोवतालच्या कणांसह, पटण्याजोगी उमटू शकते. जुन्या नकला डोळ्यांनी ओळखता येत, कारण एकाच ठिकाणचे दाणेदार कण दुसऱ्या ठिकाणी जसेच्या तसे सापडत. नव्या बनावटीत ती खूण उरणार नाही. मग तपासणीसाठी हाती मूळ फाइलीखेरीज दुसरे काही राहत नाही.

देशातील विद्यापीठांचे प्रबंध आज ‘शोधगंगा’ या सार्वजनिक भांडारात जातात, ही भारताने केलेली मोलाची गोष्ट आहे. पण तेथे जातो तो पीडीएफ. त्यात सारे थर एकत्र दाबलेले, मास्क विरघळलेले, चित्र छोटे केलेले. पट्ट्या मोठ्या करून पाहिल्या, की त्यांचे अस्पष्ट चौकोन होतात आणि प्रश्न तेथेच थांबतो. मूळ चित्रे असतात ती एखाद्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये, जो पदवी मिळताच प्रयोगशाळा सोडतो.

आयोगाला नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही. 2018 च्या नियमांत एक कलम वाढवावे: प्रबंधातील प्रत्येक चित्राची उपकरणातून आलेली पहिली फाइल, वापरलेले मास्क आणि उंबरठे यांच्या नोंदीसह, शोधगंगेत पीडीएफशेजारी जमा झाल्याशिवाय मौखिक परीक्षा घेऊ नये, आणि त्या फाइली पाहिल्याची सही मार्गदर्शकाने करावी. एनआयआरएफने, संस्थेने स्वतःहून मागे घेतलेला निबंध आणि बाहेरच्यांनी पकडून दिलेला निबंध यांना एकाच तराजूत तोलू नये. तोवर विद्यार्थ्यांच्या हाती एक गोष्ट आहे. मार्गदर्शकाने चित्र ‘स्वच्छ’ करायला सांगितले, की तो निरोप, मूळ फाइल आणि बदललेली फाइल एकाच फोल्डरमध्ये तारखेनिशी जपून ठेवावी.